हनुवटीबद्दल बोलायचं नाही

पार्लरच्या धंद्यात एक नियम कुणी शिकवत नाही, पण पहिल्या महिन्यात आपोआप कळतो. हनुवटीबद्दल बोलायचं नाही. बाई खुर्चीत बसते, "आयब्रो" असं मोठ्यांदा सांगते, मग शेजारच्या खुर्चीकडे एकदा बघून घेते आणि एक बोट हनुवटीखाली हलकेच फिरवते. आपण मान डोलवायची, दोरा दातांत धरायचा आणि काम उरकायचं. निघताना आयब्रोपलीकडे काही झालंच नाही, असा चेहरा दोघींनी करायचा. बावीस वर्षं मी हा चेहरा करत आलेय. पलीकडच्या गल्लीतल्या पार्लरवालीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे मी मान्य करते. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून बायका माझ्याकडे येतात.

हा नियम मी सगळ्यांत कसोशीने पाळला तो सख्ख्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत. आणि त्यापायी तिच्या हातची नोकरी घालवायची तेवढी बाकी ठेवली होती.

तिला आम्ही इंजीन म्हणतो. रांगायला लागली तेव्हापासून तोंडाने गाडीचा आवाज काढायची, आणि मागे सरकताना वेगळा आवाज काढायची. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. शाळेच्या मुलांची व्हॅन सहा वर्षं चालवत होती, पण डोळा मोठ्या बसवर. गावातल्या मोठ्या बसच्या डेपोत बायकांची भरती निघाली तेव्हा तिने पहिल्याच दिवशी अर्ज टाकला. लेखी झाली, चाचणी झाली. चाचणी घेणारा साहेब खाली उतरल्यावर म्हणाला, "बाई, तुम्ही बस वळवलीत का रस्ता वळवलात?" हे वाक्य तिने आम्हाला निदान चाळीस वेळा ऐकवलं.

मग मेडिकल झालं. तीन महिन्यांची सरासरी साखर सहा पूर्णांक सहा निघाली. डेपोच्या डॉक्टरांनी फाइल मिटली. नियम असा की ट्रेनिंगला बसायचं तर साडेसहाच्या आत हवी. सहा महिने मुदत, तेवढ्यात खाली आणा, नाहीतर नाव यादीतून जाईल. पुढची भरती केव्हा, ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि वयाची अट तोवर उलटणार होती.

ही बातमी ती पार्लरमध्येच घेऊन आली. कोपऱ्यात आई टॉवेलच्या घड्या घालत बसली होती. आईला वीस वर्षांपासून मधुमेह आहे. डोळ्यांना आता माणसं सावल्यांसारखी दिसतात, पण घड्या अजून काटकोनात असतात. सहा पूर्णांक सहा ऐकल्यावर तिचा हात थांबला.

"माझंच देणं," ती म्हणाली.

"आई, देण्यासारखं घरात दुसरं काही नव्हतं का गं?" इंजीन म्हणाली आणि हसली, पण नंतर बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली.

आता मागचं सांगते. सतरा वर्षांची असताना एका रविवारी दुपारी ती पार्लरमध्ये आली, खुर्चीत बसली आणि न बोलता हनुवटी वर केली. सात केस होते. जाड, काळे. मी न बोलता काढले. पंधरा दिवसांनी परत आली. पुढे दर रविवारचं ठरून गेलं. मानेवर मागच्या बाजूला काळपट पट्टा होता, तोही मी स्क्रबने घासायची. ऊन लागतं, मळ साचतो, असं मीच ठरवून टाकलं होतं. दहा वर्षं मी तिला आठवड्याला एकदा साफ करून जगात पाठवत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला वाटायचं, बहिणीवर याहून जास्त माया कोण करणार?

मेडिकलनंतर आम्ही कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. आणि आदल्या संध्याकाळी मी काय केलं? तिला खुर्चीत बसवलं. हनुवटी, वरचा ओठ, जबड्याची कड, सगळं दोऱ्याने साफ. मान घासली. वरून ब्लीच. डॉक्टरांसमोर जायचं, मग बहीण नीटनेटकी नको? चोरी झालेल्या घरात पोलीस यायच्या आत झाडू मारावा, तसला माझा शहाणपणा.

डॉक्टरांनी गुळगुळीत चेहरा बघितला. पाळी येते का, म्हणून विचारलं. ही म्हणाली, "येते." खोटं नव्हतं. किती महिन्यांनी येते, ते त्यांनी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही. आईला साखर आहे म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि एक छापील कागद दिला. गोड बंद, भात बंद, खाणं निम्मं, चालणं दुप्पट. दोन महिन्यांनी या.

इंजीनने तो कागद अक्षरशः पाळला. व्हॅनमधल्या पोरांनी वाढदिवसाची चॉकलेटं दिली तर खिडकीवर ओळीने मांडून ठेवायची. अर्ध्या पोटी झोपायची. दोन महिन्यांत गाल बसले, दंड काटकुळे झाले, स्वभाव असा झाला की सिग्नललाही शिव्या. पोट मात्र जिथल्या तिथे. साखर पुन्हा सहा पूर्णांक सहाच. पालथ्या घड्यावर पाणी! आणि सहातले दोन महिने संपले होते.

त्या रविवारी मी तिची मान घासत होते. जरा रागानेच घासत होते, खरं सांगायचं तर. शेजारच्या खुर्चीत मेंदी सुकवत रक्तवाली बसली होती. म्हणजे तपासणीच्या लॅबमध्ये रक्त काढते ती. माझं जुनं गिऱ्हाईक. सुई टोचताना ती गप्पा मारते, इथे मात्र गप्प असते. त्या दिवशी तिला राहवलं नाही.

"अहो, किती घासाल? तो मळ नाहीये."

"मग काय आहे?"

"असल्या माना मी रोज बघते. बहुतेक वेळा यांच्या रक्तात इन्सुलिन वाढलेलं निघतं. चेहऱ्यावर केस येतात का हिला?"

"छे हो," मी म्हटलं. इतकं पटकन म्हटलं की मला स्वतःलाच नवल वाटलं. बावीस वर्षांची सवय.

रक्तवालीने माझ्या हाताकडे बघितलं. "मग हा दोरा काय पतंगाला?"

आई कोपऱ्यात फिसकन हसली. इंजीनने डोळे मिटून घेतले होते, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले. मग तीच बोलली, डोळे न उघडता. "येतात. सतरा वर्षांची होते तेव्हापासून. पाळी तीन-तीन महिने येत नाही. पुढे विचारा."

"पुढे मी नाही, हार्मोनच्या डॉक्टरबाई विचारतील," रक्तवाली म्हणाली. "पण एक करा. तीन आठवडे हिला हात लावू नका. जशी आहे तशी नेऊन दाखवा."

त्या रात्री मला क्षणभरही झोप लागली नाही. दहा वर्षं मी काय करत होते? आग लागली की घंटा वाजते. मी दर रविवारी चढून घंटेत कापूस कोंबत होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तेही नेमाने, फुकट आणि मायेने!

ते तीन आठवडे आम्हा दोघींना जड गेले, कुणाला जास्त ते अजून ठरलेलं नाही. माझे हात शिवशिवायचे. समोर बसून चहा पितेय, उजेड हनुवटीवर पडलाय, आणि मी बशी घट्ट धरून बसलेय. पहिल्या आठवड्यात तिने रुमाल बांधून व्हॅन चालवली. दुसऱ्या आठवड्यात उकाड्याने रुमाल गेला. पहिलीतल्या एका मुलीने मागून वाकून नीट निरीक्षण केलं आणि विचारलं, "तुला दाढी येते?"

"येते."

"का?"

"ते विचारायलाच डॉक्टरकडे चाललेय."

मुलीचं समाधान झालं. तिने बाकीच्यांना सांगितलं, बाकीच्यांचंही झालं. मोठी माणसं मात्र बघून नजर वळवायची. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाच्या आईने व्हॅनच्या दाराशी पोराला देता देता हिच्याकडे बघितलं आणि पोराचा हात नकळत मागे ओढला. त्या दिवशी इंजीन थेट माझ्याकडे आली.

"ताई, फार दिसतं का गं?"

एरवी मी म्हटलं असतं, कुठे काय, तुझ्या मनाचे खेळ. पण खोटं बोलून काय झालं ते समोर होतं. "दिसतं," मी म्हटलं.

ती रडली. मी पाठीवरून हात फिरवला, हनुवटीला लावला नाही. आईने चाचपडत येऊन तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, बोटं जबड्यावरून फिरली आणि तिथेच थांबली. "अगं, मलाही होते असेच," आई म्हणाली. "तुझे बाबा उठायच्या आत वस्तऱ्याने काढायची मी. जन्मात कुणाला बोलले नाही."

वीस वर्षं तिच्याबरोबर डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवल्या, पण हे कुणालाच माहीत नव्हतं. नियम माझ्या धंद्याचा आहे असं मी समजत होते. तो तर घरचाच निघाला.

हार्मोनच्या डॉक्टरबाई बारीक चणीच्या आणि चटपटीत. दिवा जवळ ओढून त्यांनी चेहरा बघितला, मान बघितली, पोटाचा घेर मोजला. "केव्हापासून? आधी कुठे आले? किती दिवसांनी वाढतात?"

इंजीन गोंधळली. तिला कुठे माहीत असणार? ती तर डोळे मिटून बसायची. मग मीच सुरू झाले. सतराव्या वर्षी हनुवटीच्या डाव्या बाजूला सात. विसाव्यापर्यंत दोन्ही बाजूंना. मग वरच्या ओठाच्या कडा. चोविसाव्याला जबडा, आणि तेव्हापासून केस जाड झाले, कारण दोरा तुटायला लागला म्हणून मी दोऱ्याची जात बदलली. आधी चौदा दिवस टिकायचं, आता सहा. मानेचा पट्टा पूर्वी दोन बोटं होता, आता चार.

डॉक्टरबाई लिहीत होत्या. पेन थांबवून म्हणाल्या, "इतका नेमका इतिहास मला कुणी देत नाही. मग इतकी वर्षं आणलं का नाहीत?"

"दर रविवारी मी साफ करायची ना," मी म्हटलं.

त्यांनी समजावून सांगितलं. बायकांच्या अंगात पुरुषी हार्मोन थोडं असतंच, काहींत ते जास्त होतं. केस येतात, पाळी लांबते, हे वरून दिसणारं. न दिसणारं असं की त्याने पोटाच्या आत चरबी धरते आणि स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे होतात. रक्तातली साखर स्नायूंत शिरायची तर इन्सुलिन लागतं. स्नायू ऐकत नाहीत म्हणून शरीर आणखी इन्सुलिन सोडतं. आणि ते जास्तीचं इन्सुलिन बीजकोशांना हुकूम देतं, पुरुषी हार्मोन आणखी बनवा. मानेचा काळेपणाही त्या जास्तीच्या इन्सुलिनचाच. आईकडून आलेलं असतं ते वेगळंच.

"म्हणजे स्टॉपवर बस आलीय, प्रवासी खाली उभे, पण बसचं दार उघडत नाही," इंजीन म्हणाली. तिचा चेहरा तीन महिन्यांत पहिल्यांदा जागा झाला होता. "डेपोला वाटतं बस कमी पडतायत. तो आणखी सोडतो. रस्ता तुंबतो. आणि जो दार दाबून धरून उभा आहे, तो पुरुषी हार्मोन, त्याला त्या गर्दीत आणखी जोर येतो."

"आणि प्रवासी?"

"साखर. रस्त्यावरच उभी."

"हे मी इतरांना सांगितलं तर चालेल का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

रक्त काढायला लॅबमध्ये रक्तवालीच होती. तिने इंजीनच्या हनुवटीकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि "शाबास" म्हणाली. डॉक्टरबाईंनी बाकीची दोन-तीन कारणं तपासून बाजूला काढली. पुरुषी हार्मोन वाढलेलं निघालं, इन्सुलिनही. गोळ्या सुरू झाल्या. आणि छापील कागद डॉक्टरबाईंनी घडी करून परत दिला. "उपाशी राहू नका. उपासाने स्नायू झिजतात, आणि साखर खपवणारं मोठं गिऱ्हाईक तेच आहे. पोटभर खा, पण काय खाताय ते बघून खा. आणि वजनं उचला."

मग आमच्या पार्लरमध्ये सकाळी वेगळाच कारखाना सुरू झाला. शांपूचे पाच-पाच लिटरचे कॅन दोन्ही हातांत घेऊन इंजीन उठाबशा काढायची आणि आई आकडे मोजायची. आईला दिसत नाही, पण ऐकू चांगलं येतं, त्यामुळे लबाडी चालायची नाही. "अर्धीच बसलीस. ती धरली नाही." पोट भरू लागल्यावर स्वभावही सुधारला. सिग्नलला शिव्या बंद झाल्या. दुसऱ्या महिन्यात पाळी आली, वेळेवर. तिने मला फोन करून सांगितलं, जसं काही लॉटरी लागलीय, आणि मीही गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेसपॅक तसाच ठेवून नाचले.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही डेपोत गेलो. मी बाहेरच्या बाकावर बसले. समोर बस धुणं चाललं होतं. पाण्याची बाटली हातात धरली होती, ती उघडायचंही सुचेना. ती हरली असती तर दोष कुणाचा, हे मला पक्कं माहीत होतं. दोन महिने कागदापायी गेले होते, आणि तो कागद माझ्या ब्लीचमुळे मिळाला होता.

इंजीन बाहेर आली. चेहऱ्यावर काहीच नाही. माझ्या शेजारी बसली, माझ्या हातातली बाटली घेतली, उघडली, निम्मी प्यायली.

"पाच पूर्णांक नऊ," ती म्हणाली.

मी तिला मिठी मारली आणि मोठ्याने रडले. बस धुणारा पाइप तसाच धरून बघत राहिला आणि त्याचे बूट भिजले.

आता ती बस चालवते. ट्रेनिंग झालं, बिल्ला मिळाला. गोळ्या चालू आहेत, शांपूचे कॅन चालू आहेत, साखर दर तीन महिन्यांनी रक्तवाली बघते. हे जन्माचं आहे, एकदा उरकायचं काम नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलंय. केस हळूहळू कमी झाले. आधी आठवडा टिकेना, आता महिना जातो. मी धंद्यातला नियमही मोडलाय. बोट हनुवटीखाली गेलं की मी विचारते, "केव्हापासून? पाळी वेळेवर येते?" दोन बायका रागावून गेल्या. सहाजणी डॉक्टरबाईंकडे गेल्या.

गेल्या महिन्यात डेपोत ड्युट्या वाटल्या. इंजीनला घाटातून जाणारा लांबचा रूट मिळत होता. लहानपणी तोंडाने जी गाडी चालवायची, ती याच घाटातून जायची. पण त्याला रविवारची ड्युटी होती. तिने तो सोडून गावातला फिरता रूट घेतला, रविवारची सुट्टी मागून. मला कळलं तेव्हा ती खुर्चीत येऊन बसलेली होती आणि मी भडकले.

"अक्कल गहाण टाकलीस का? हनुवटीवर आज तीन केस आहेत, तीन! महिन्याने आलीस तरी पुरेल. रविवार हवाय कशाला तुला?"

ती आरशातून माझ्याकडे बघत होती.

"तेच विचारायचं होतं," ती म्हणाली. "केस नसले तर येऊ नको का?"

मी दोरा तोंडातून काढला. "अगं, मला लाज वाटायची तुझी," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. "माया होती, पण लाजही होती. म्हणून झाकत होते तुला."

"माहीत होतं मला."

"मग यायचीस कशाला?"

"आठवडाभरात माझ्या तोंडाला हात लावणारी तू एकटीच होतीस, ताई."

आईची टॉवेलची घडी चालूच होती. मी ते तीन केस काढले नाहीत. तिचं डोकं मागे घेऊन पोटाशी धरलं, कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून हात फिरवत राहिले, आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, तासाभराने या.